गॅरेजची बदली गाडी : पाच मॉडेलं आणि एक छापील फॉर्म

ऑइल-फिल्टरच्या साध्या सर्व्हिसिंगला सकाळी टाकलेली गाडी संध्याकाळी परत मिळते. तेव्हा कर्टसी कारचा, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत गॅरेजने वापरायला दिलेल्या बदली गाडीचा, विषय निघत नाही, फार तर पिकअप-ड्रॉप मिळतो. विषय निघतो तो डेंटिंग-पेंटिंगला, विम्याच्या क्लेमच्या गाडीत विमा कंपनीच्या सर्व्हेअरची मंजुरी अडकली की, नाहीतर वॉरंटीतला एखादा पार्ट यायचा राहिला की. तेव्हाही गाडी आपोआप देत नाहीत. जॉब कार्ड (गाडीच्या कामाचा नोंद-कागद) उघडतानाच सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडे मागावी लागते, आणि 'बघतो' या उत्तरावर न थांबता जॉब कार्डावर तसं लिहून घ्यावं लागतं.

महाराष्ट्रातल्या शहरांत बदली गाडी म्हणून बहुधा पेट्रोल हॅचबॅक हातात पडते, क्वचित छोटी सेडान. इथे वॅगनआर, स्विफ्ट, ग्रँड आय१० नियॉस, टियागो आणि अमेझ यांची तुलना केली आहे, पण विकत घेण्याच्या हिशेबाने नाही. बदली गाडीचा कस वेगळा. अनोळखी माणसाला ती पहिल्या दहा मिनिटांत अंगवळणी पडते का? पार्किंगमध्ये घाम फोडते का? चुकून घासली तर किती महागात पडते? या कसोटीवर भलभलत्या चांगल्या गाड्या मागे पडतात.

वॅगनआर

दिसायला डबा, पण बदली गाडी म्हणून पहिला नंबर हिचा. बैठक उंच आणि ताठ आहे, बॉनेटची कड दिसते, काचा मोठ्या आहेत. रुंदी १,६२० मिलिमीटर, म्हणजे स्विफ्टपेक्षा ११५ मिलिमीटरने, साधारण साडेचार इंचांनी कमी. कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटतो. सदाशिव पेठेतल्या गल्लीत समोरून टेम्पो आला आणि एका बाजूला दुचाकींची रांग असली की त्याची किंमत कळते. वळायची त्रिज्या ४.७ मीटर, त्यामुळे इतरांना मागेपुढे करावं लागतं तिथे ही बहुतेक वेळा एका दमात फिरते. डिकी ३४१ लिटरची आहे, पाचांतल्या चार हॅचबॅकमध्ये सर्वांत मोठी.

इंजिनं दोन : ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं आणि ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं. निवड करायला मिळाली तर डोळे झाकून १.२ घ्या. १.० शहरात पुरतं, पण चार माणसं आणि एसी घेऊन कात्रजचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये रडतं. एक्सप्रेसवेवर मात्र दोन्ही सारख्याच. बॉडी उंच, टायर अरुंद, स्टिअरिंग हलकं. शेजारून लक्झरी बस सुसाट गेली की गाडी जागेवर हलते. पुणे-मुंबई रोज करायचं असेल तर ही गाडी नको.

सीएनजीची वॅगनआर देत असतील तर आधी डिकी उघडून बघा. सिलिंडरने ती जवळजवळ गिळलेली असते. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं आणि पंपावर सिलिंडरची कम्प्लायन्स प्लेट, म्हणजे चाचणीची तारीख असलेली पट्टी, बघतात. सिलिंडरच्या दाबाची चाचणी, हायड्रो टेस्ट, दर तीन वर्षांनी लागते, तारीख उलटली असेल तर पंपवाला गॅस देत नाही. रांगेत अर्धा तास काढून हे कळण्यापेक्षा गॅरेजच्या आवारातच प्लेट वाचलेली बरी.

स्विफ्ट

इथे आधी कुठली स्विफ्ट ते विचारा. मे २०२४ मध्ये आलेल्या पिढीत तीन सिलिंडरचं नवं १.२ इंजिन आहे, ताकद सुमारे ८२ पीएस (अश्वशक्तीसारखं माप). त्याआधीच्या गाडीत चार सिलिंडरचं ९० पीएसचं. नवी मायलेजला सरस आहे आणि सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिअंटमध्ये आहेत. पण सिग्नलला उभी असताना तिची बारीक थरथर सीटमध्ये जाणवते. जुनी जास्त गुळगुळीत आणि वरच्या आरपीएमला जास्त खुशीत पळणारी.

चालवायला पाचांत मजेदार हीच. पण बदली गाडी म्हणून दोन अडचणी आहेत. बैठक खोल, मागची काच छोटी आणि सी-पिलर (छताचा मागचा खांब) जाड, त्यामुळे रिव्हर्स घेताना कॅमेरा नसलेलं खालचं व्हेरिअंट हाती आलं तर अंदाज चुकतो. डिकीही २६५ लिटरचीच. उंच एसयूव्ही चालवायची सवय असलेल्यांनी पहिले दोन दिवस स्पीडब्रेकर जपून घ्यावेत. पुढच्या बंपरची खालची कड सगळ्यात आधी घासते, आणि गाडी परत देताना गॅरेजवाला पहिल्यांदा वाकून तीच बघतो.

नियॉस

हिच्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि बदली गाडीच्या बाबतीत हे कौतुकच समजा. चार सिलिंडरचं १.२ इंजिन शांत आहे, क्लच लोण्यासारखा, एसी भक्कम, वरच्या व्हेरिअंटमध्ये मागच्या सीटलाही व्हेंट. सगळी बटणं जिथे हात जातो तिथेच. आईवडिलांना दवाखान्यात ने-आण करायची असेल तर वॅगनआरनंतर ही मागावी. वॅगनआरमध्ये चढउतार जास्त सोपी आहे, पण खड्ड्यांतून ही कमी आदळते.

टियागो

दार लावतानाच वजन कळतं. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला चार तारे मिळाले होते. हायवेवर ती जमिनीला धरून जाते, या पाचांतल्या चार हॅचबॅकमध्ये ९०-१०० च्या वेगाला सर्वांत विश्वासाची वाटते. शहरात मात्र किंमत मोजावी लागते. क्लच जड, गिअर अडखळत पडतात आणि तीन सिलिंडरचा धडधडाट कमी आरपीएमला लपत नाही. नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास काढणाऱ्याचा डावा पाय तिसऱ्या दिवशी तक्रार करेल.

सीएनजी टियागो थेट गॅसवर सुरू होते, मारुतीसारखी आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग बदलत नाही. इंधनाचं झाकण उघडं असेल तर ती सुरूच होत नाही. पंपावरून निघताना गाडी मेली म्हणून घाबरू नका, आधी झाकण बघा. दोन छोट्या सिलिंडरच्या रचनेमुळे डिकीत बॅगा मावतात, हा तिचा खरा फायदा.

इलेक्ट्रिक टियागो देऊ केली तर एकच प्रश्न स्वतःला विचारा : पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट आहे का? मोठ्या, २४ किलोवॅट-अवरच्या बॅटरीला त्यावर जवळजवळ पूर्ण रात्र लागते. सॉकेट नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. सोसायटीच्या सेक्रेटरीशी वायरवरून वाद घालण्याइतके ते दोन दिवस मोलाचे नाहीत.

अमेझ

सामान, विमानतळ, पाहुणे असा बेत असेल तर हीच. डिकी चारशे लिटरच्या वर आहे आणि सीव्हीटी (टप्प्यांशिवाय आपोआप बदलणारा) गिअरबॉक्स असेल तर ट्रॅफिकमध्ये हिच्याइतकं आरामाचं यांत दुसरं काही नाही. सीव्हीटीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. क्लच घसरतोय असं वाटतं, पण तो तिचा स्वभाव आहे, दोष नाही. घाट उतरताना डी मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर येऊ नका, खालचा मोड लावा म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या पिढीच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये कॅमेऱ्यावर चालणारी ड्रायव्हर-साहाय्य यंत्रणा आहे. दुचाकीस्वार आडवा घुसला की ती स्वतः ब्रेक मारू शकते, लेन सोडली की स्टिअरिंग ओढते. ज्याने कधी अनुभवलेलं नाही तो दचकतो. लेनचं साहाय्य कुठून बंद होतं ते गॅरेजमधून निघण्यापूर्वी विचारून घ्या. लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे वॅगनआरपेक्षा ३४० ने जास्त. जुन्या इमारतीतलं पार्किंग आधी मोजा.

एएमटी हाती आली तर

मारुती असो, टाटा असो वा ह्युंदाई, या हॅचबॅकच्या एएमटीत, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत, 'पी' (पार्किंग) नसतो. नवखा माणूस तो शोधत बसतो आणि शेवटी गाडी न्यूट्रलला लावून निघून जातो. उतारावर हे धोक्याचं आहे. गाडी डी किंवा आर मध्ये ठेवून इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक पूर्ण ओढायचा. सुरू करताना ब्रेक दाबून लिव्हर एन मध्ये आणायचा, नाहीतर मारुतीची एएमटी सुरूच होत नाही. गाडी बंद पडली म्हणून येणाऱ्या फोनांपैकी निम्मे इथेच मिटावेत.

गिअर बदलताना बसणारा झटका कमी करायचा असेल तर बदलाच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचला. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. हँडब्रेक किंवा ब्रेकवरच उभी करा.

मॉडेलचा दोष की त्या गाडीचा?

बदली गाडी पन्नास जणांनी चालवलेली असते. क्लच पेडल अगदी वर आल्यावर गाडी पकड घेत असेल तर प्लेट झिजली आहे. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. लगेच फोन करून अ‍ॅडव्हायझरला कळवा आणि मेसेजही टाका, नाहीतर खापर तुमच्यावर फुटेल. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटच्या आधी हवा तपासा. प्रेशरचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. हे सगळं न बघता 'स्विफ्ट हल्ली खराब येते' असं ठरवणाऱ्यांची संख्या कमी नाही. मायलेजचंही तसंच : डॅशबोर्डवरचा आकडा आधीच्या चालकांचा असतो, म्हणून ट्रिप मीटर शून्यावर आणून मगच निघा.

फोक्सवॅगन किंवा स्कोडावाल्यांना बदली गाडी जपानी किंवा कोरियन मिळाली की इंडिकेटरच्या जागी वायपर फिरतो. दांड्या उलट बाजूंना असतात, दोन दिवस कोरडी काच पुसली जाणारच.

फॉर्म, कागद आणि पैसे

गाडीपेक्षा इथे जास्त फसायला होतं. पहिली नजर नंबरप्लेटवर. पांढरी प्लेट, काळी अक्षरं म्हणजे खासगी नोंदणी, बहुधा डीलरच्या नावावर. काळी प्लेट, पिवळी अक्षरं म्हणजे सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची. लाल प्लेट, पांढरी अक्षरं म्हणजे ट्रेड सर्टिफिकेटवरची, डीलरच्या ताब्यातली अजून नोंदणी न झालेली गाडी, ती ग्राहकाने घरी न्यायची नसते. अशी देऊ केली तर चावी परत करा. पांढऱ्या प्लेटच्या गाडीसाठी रोजचं भाडं मागत असतील तरी सावध व्हा. खासगी विम्याच्या पॉलिसीत भाड्याने दिलेला वापर आणि मोटर ट्रेडचा, म्हणजे गाड्यांच्या धंद्यातला, वापर वगळलेला असतो. अपघात झाला तर क्लेम तिथेच अडकतो. ग्राहकाला चालवायला देण्यासाठी विमा लागू आहे का, हे तोंडी नको, मेलवर घ्या.

फॉर्मवर सही करण्यापूर्वी हे आकडे वाचा : किलोमीटरची मर्यादा, उशिराचा दंड, नुकसान झाल्यास ग्राहकाचा वाटा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला विम्यात सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, १,००० रुपये असते. पण गॅरेजच्या फॉर्मवर याहून बरीच मोठी रक्कम, शिवाय नो-क्लेम बोनस बुडाल्याची भरपाईही लिहिलेली असू शकते. पॉलिसी झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारी, आहे का, तेही विचारा. बंपर प्लास्टिकचा, आणि झिरो-डेप नसेल तर प्लास्टिकवर घसारा ५० टक्के कापतात. घरातलं दुसरं कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव आणि लायसन्स फॉर्मवर हवं.

आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती आणि गाडी तुमच्या ताब्यात दिल्याचं शिक्क्याचं पत्र सोबत ठेवा. पीयूसीची तारीख स्वतः वाचा, दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. ई-चलान नोंदणीच्या मालकाला, म्हणजे गॅरेजला जातं आणि आठवड्यांनी तुमच्याकडे येतं. म्हणून गाडी घेतल्याची आणि परत दिल्याची वेळ मिनिटासकट फॉर्मवर लिहून घ्या. मधल्या काळात दुसऱ्याने मोडलेला सिग्नल तुमच्या माथी येणार नाही.

फास्टॅग काचेवर आहे एवढ्यावर निघू नका, त्यात पैसे आहेत का विचारा. नसतील तर टोलला जास्त पैसे पडतात. मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, पण एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर आहे. स्वतःचा फास्टॅग खरवडून बदली गाडीला लावू नका. तो तुमच्या गाडीच्या नंबरशी जोडलेला असतो.

ताब्यात घेताना उजेडात गाडीभोवती एक फेरी मारून सलग व्हिडिओ घ्या : चारही रिम, बंपरच्या खालच्या कडा, आरशांच्या बाहेरच्या बाजू, पुढच्या काचेवरचे टवके, शेवटी ओडोमीटर आणि इंधनाचा काटा. डिकीतली स्टेपनी हाताने दाबून बघा, जॅक-पाना आहे का तेही. बदली गाड्यांतून हेच आधी गायब होतं.

इंधन घेतलं तेवढंच परत द्यायचं असतं. ३७ लिटरच्या टाकीच्या काट्याला आठ खण असतील तर एक खण साधारण साडेचार लिटरचा. पण काटा सरळ हिशेबात चालत नाही, वरचे खण हळू आणि खालचे भराभर उतरतात. खालच्या दोन खणांत गाडी मिळाली असेल तर जपून भरा, जास्तीचं पेट्रोल कोणी परत करत नाही. पंपावर झाकण कुठल्या बाजूला ते काट्याजवळचा छोटा बाण सांगतो.

परत देताना ब्लूटूथच्या यादीतून फोन काढून टाका, नुसता डिस्कनेक्ट करू नका. सिंक झालेले नंबर आणि कॉल स्टिरिओत राहतात. नकाशात टाकलेला घरचा पत्ताही पुसा. मग अ‍ॅडव्हायझरला सोबत घेऊन तीच फेरी, तोच व्हिडिओ, आणि फॉर्मवर 'गाडी ठीक परत मिळाली' अशी त्याची सही घेतल्यावरच स्वतःच्या गाडीच्या बिलाकडे वळा.