कांद्याच्या रेलिशसाठी बॉलची ८ औंसाची बरणी: पैसे झाकणाचे

‘बॉल’ या अमेरिकी ब्रँडची ८ औंसाची, म्हणजे साधारण २३६ मिलिलिटरची, रेग्युलर तोंडाची बरणी अमेरिकेत डझनाच्या खोक्यात सहज मिळते. भारतात ती बाहेरून येते, त्यामुळे महाग पडते. तेवढ्याच पैशांत जॅमच्या साध्या बाटल्या बऱ्याच जास्त येतील. तरीही बारीक चिरलेल्या कांद्याचं व्हिनेगर-साखरेतलं रेलिश फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने ठेवायचं असेल, तर आम्ही हीच बरणी घ्या म्हणू. पैसे वसूल होतात ते तिच्या झाकणामुळे.

हे झाकण दोन तुकड्यांचं असतं. एक ७० मिलिमीटरची पातळ पत्र्याची चकती आणि दुसरी आट्यांची मोकळी कडी. चकती उलटी करून पाहा. कडेला मऊ लेपाचा एक अरुंद पट्टा गोल फिरलेला दिसेल. सगळं काम हा पट्टा करतो. बरणी उकळत्या पाण्यात असताना आतली हवा चकतीखालून निसटते, बाहेर काढल्यावर आतला माल आक्रसतो, चकती खाली ओढली जाते आणि तो लेप काचेच्या कडेवर घट्ट बसतो. टेबलावर निवत ठेवलेल्या बरण्यांतून एकेक ‘टिक्’ ऐकू येतो तो याचाच. कडीचं काम तोपर्यंत चकती जागेवर धरून ठेवण्यापुरतंच. म्हणून ती बोटांच्या टोकांनी अडेल इतकीच फिरवायची. मनगटाचा जोर लावून आवळली की हवेला वाट उरत नाही आणि चकती मधेच मुडपते. बरणी नीट बंद न होण्यामागे बहुतेक वेळा हा जास्तीचा जोर असतो, किंवा काचेच्या कडेला चिकटलेला कांद्याचा एखादा तंतू.

झाकण कितीही चांगलं असलं तरी पदार्थ टिकवतो तो आंबटपणा. तो पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. कांद्याचा पीएच साधारण साडेपाचच्या आसपास असतो. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू ४.६ च्या वर वाढू शकतो, आणि त्याला हवा नसलेली जागाच मानवते. म्हणजे कमी आंबट कांदा उत्तम झाकणाच्या बरणीत भरणं हे उघड्या वाडग्यात ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं. साधं उकळतं पाणी या जंतूची बीजं मारू शकत नाही. त्याला ११६ अंशांच्या वरचं तापमान आणि त्यासाठी बनवलेला प्रेशर कॅनर लागतो. आपला शिटीचा कुकर त्याची जागा घेत नाही. तो लहान असतो, झटकन तापतो आणि झटकन निवतो, त्यामुळे कॅनरसाठी ठरवलेल्या वेळा त्याला लावता येत नाहीत. म्हणूनच तुपातेलात तपकिरी परतलेला कांदा या बरणीत भरून कपाटात ठेवायचा नाही. तो फ्रिजमध्ये किंवा फ्रीजरमध्येच.

आता व्हिनेगर. अमेरिकी कृतींमध्ये ५ टक्क्यांचं व्हिनेगर गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडच्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर अनेकदा ४ टक्के लिहिलेलं सापडतं, आणि नियमाने किमान ३.७५ टक्के चालतं. लेबल वाचल्याशिवाय मोजमाप सुरूच करू नका. सोललेल्या १ किलो कांद्याला ५ टक्क्यांचं ५०० मिलि व्हिनेगर घेत असाल, तर ४ टक्क्यांचं ६२५ मिलि लागेल. चव फार आंबट वाटली तर साखर वाढवा, पण व्हिनेगरला हात लावू नका आणि पाणी घालू नका.

कांदा गोडसर आणि कमी तिखट असेल तर रेलिश उजवं होतं. जॉर्जिया राज्यातला व्हिडालिया कांदा त्यासाठीच नावाजलेला. तिथल्या मातीत गंधक कमी, म्हणून झणकाही कमी. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा म्हणजे अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ कांदाही चालतो, फक्त झणका जास्त राहतो. पोळ कांद्यात पाणी फार, रेलिश पातळ होतं. लाल कांदा व्हिनेगरमध्ये छान गुलाबी दिसतो, पण काही महिन्यांत तो रंग मळकट होतो. त्याने काही बिघडत नाही.

१ किलो कांदा बोराच्या बीएवढा चिरा. मिक्सरमध्ये फिरवला तर लगदा होतो आणि नंतर बरणीत वर पाणी, खाली चोथा असा थर बसतो. ३० ग्रॅम मीठ चोळून तासभर ठेवा, मग मुठीने गच्च पिळा. हे पिळणं टाळू नका, कारण कांद्यातलं पाणी आत राहिलं तर तेच व्हिनेगर पातळ करतं. मीठ आयोडीनविरहित घ्या, नाहीतर पाक गढूळ दिसतो. स्टीलच्या पातेल्यात व्हिनेगर, २०० ग्रॅम साखर, २ चमचे मोहरी आणि पुरचुंडीत बांधलेली ४ लवंगा व १० मिरी घालून उकळी आणा, त्यात कांदा घाला आणि मध्यम आचेवर २० मिनिटं ढवळत शिजवा. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको. साडेचार ते पाच बरण्या भरतात.

पहिल्या खेपेला हळद घालू नका. पीएच तपासायच्या कागदी पट्टीवर हळदीचा पिवळा डाग बसतो आणि रंग जुळवताना फसगत होते. एका बरणीतला माल दुसऱ्या दिवशी वाटून तपासा, कारण कांद्याच्या फोडीच्या आत आंबटपणा मुरायला वेळ लागतो. पट्टी ४ च्या खाली दाखवत असेल तर प्रमाण बरोबर आहे, पुढच्या खेपेला अर्धा चमचा हळद बिनधास्त घाला. ४ च्या वर आली तर ती खेप फ्रिजमध्ये.

बरण्या आधी गरम पाण्यात ठेवलेल्या हव्यात. गार काचेत उकळता माल ओतला, किंवा गार बरणी उकळत्या पाण्यात सोडली, की तळ गोल चकतीसारखा सुटून येतो. रुंद तोंडाच्या नरसाळ्याने भरा, वर अर्धा इंच जागा सोडा. आइस्क्रीमच्या काडीवर अर्ध्या इंचाची खूण केली की दरवेळी अंदाज घ्यावा लागत नाही. तीच काडी आतून कडेने फिरवून बुडबुडे काढा. सुरी वापरली तर काचेला बारीक ओरखडे पडतात आणि कधीतरी पुढच्या उकळीत बरणी तिथूनच तडकते. मोकळी जागा कमी सोडली तर उकळताना पाक बाहेर येतो आणि लेपावर साचतो. भरून झालं की कड ओल्या फडक्याने पुसा, आणि मग चकती.

पातेलं खोल लागतं. तळाशी जाळी, वर बरणी, तिच्यावर इंचभर पाणी आणि उकळीला जागा, असं मिळून १८ सेंटिमीटरच्या आसपास. घरातलं इडलीपात्र बहुधा कमी पडतं. खळखळ उकळी आल्यावर वेळ मोजायला सुरुवात करा. जॉर्जिया विद्यापीठातल्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशनची गोड कांद्याच्या रेलिशसाठीची वेळ समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंत १० मिनिटं आणि तिथून ६००० फुटांपर्यंत १५ मिनिटं अशी आहे. म्हणजे मुंबईत, पणजीत १०, पण पुण्यात, नाशिकमध्ये, महाबळेश्वरला १५. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, पुण्यात साधारण ९८ अंशांना, म्हणून ही वाढ. नागपूर १००० फुटांच्या सीमेवरच आहे, तिथेही १५ धरा. १० मिनिटं किंवा जास्त उकळायचं असेल तर रिकाम्या बरण्या वेगळ्या निर्जंतुक करायची गरज नाही. पाणी क्षारयुक्त असेल तर त्यात दोन चमचे व्हिनेगर टाका, बरण्यांवर पांढरी साय चढत नाही.

गॅस बंद करून ५ मिनिटं थांबा. मग सरळ वर उचला, झाकणावरचं पाणी ओतायला तिरकी करू नका. ओट्याच्या थंड ग्रॅनाइटवर थेट ठेवाल तर तडा जाईल, खाली दुमडलेला टॉवेल हवा. १२ ते २४ तास हात लावू नका, कडीही आवळू नका. मग मधोमध बोटाने दाबा. चकती खाली-वर होऊन वाजली तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट बसली असेल तर कडी काढून टाका आणि चकतीच्या कडेला दोन बोटांनी धरून बरणी जरा उचलून पाहा. साठवताना कडी नकोच. तिच्याखाली ओल राहते, गंज चढतो, आणि सुटलेली चकती कडीच्या आधारामुळे लक्षात येत नाही. उघड्या चकतीत दोष लगेच दिसतो, आणि या झाकणाचा आम्हाला सर्वात भावलेला गुण हाच.

त्रुटीही आहे. चकती एकदाच वापरायची, दरवेळी नवी. काच आणि कडी वर्षानुवर्षं चालतात, पण भारतात सुट्या चकत्या सहज मिळत नाहीत, म्हणून बरण्या मागवतानाच जादा पाकीट मागवा. ७० मिलिमीटरच्या दुसऱ्या कंपनीच्या चकत्याही बसतात. मोठ्या तोंडाच्या बरणीची चकती ८६ मिलिमीटरची, ती यावर बसत नाही. ऑनलाइन मागवताना ही चूक हमखास होते.

जॅमच्या वापरलेल्या बाटल्या, पाव वळशात बसणाऱ्या एक तुकडी (लग) झाकणाच्या? त्या फ्रिजमधल्या रेलिशला उत्तम आहेत. कपाटात ठेवायच्या मालासाठी मात्र एकदा वापरलेल्या झाकणाचा लेप भरवशाचा नाही. आणि अर्ध्या लिटरची बॉल बरणी घेण्यापेक्षा ८ औंसाचीच घ्या. उघडल्यावर रेलिश फ्रिजमध्ये जातं, आणि चौघांच्या घरात भाकरी-पिठल्याबरोबर, सँडविचमध्ये, कबाबाशेजारी एवढं आठवड्यात संपतं.

बरण्या कपाटाच्या खालच्या, अंधाऱ्या खणात ठेवा, गॅसच्या वरच्या फळीवर नाही. चव वर्षभर चांगली राहते. उघडताना चकती फुगलेली, पाक झिरपलेला किंवा आतून फसफस दिसली तर चाखून पाहू नका, टाकून द्या. फोडणी बरणीत कधीच घालू नका, तेल लेपावर आलं तर झाकण धरत नाही. वाडग्यात काढल्यावर वरून हिंग-कढीपत्त्याची गरम फोडणी द्या आणि लगेच पानात वाढा.