इंजिनातला कार्बन घरी काढायचाय? बाटली, थ्रॉटलची सफाई की सरळ गॅरेज

क्लीनर विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा, कार्बन नेमका कुठे बसलाय आणि तुमच्या गाडीत पेट्रोल कुठे फवारलं जातं. सगळ्याच बाटल्यांवर इंजिन क्लीन असंच लिहिलेलं असतं, पण एक द्रव पोचतो इंजेक्टरला (पेट्रोल फवारणारा भाग), दुसरा थ्रॉटलला (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप), आणि काही जागा अशा असतात की तिथे घरून काहीच पोचत नाही.

स्विफ्ट, वॅगन आर, टियागो अशा साध्या पेट्रोल गाड्या एमपीएफआय असतात, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या) मागे फवारलं जातं आणि व्हॉल्व्ह जाता जाता धुतला जातो. टीएसआय, टर्बो जीडीआय, टीजीडीआय असल्या इंजिनांत ते थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोल कधी लागतच नाही आणि ऑइलची वाफ तिथे भाजून काळा थर बसतो. निम्मा निर्णय इथेच होतो.

एमपीएफआय असेल तर पहिला मान टाकीतल्या बाटलीला. काही शे रुपयांचा खर्च, खोलायचं काही नाही, फक्त पॉलीइथर अमाइन असलेलं ॲडिटिव्ह बघून घ्या, कारण इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि थोडाफार पिस्टनवरचा थर सोडवायचं काम तेच खरं करतं. बाटलीवर जितक्या लिटरला सांगितलंय तितकंच पेट्रोल भरा, डोस वाढवून फायदा नाही, आणि ऑइल बदलायची वेळ जवळ आली असताना टाका म्हणजे सुटलेली घाण ऑइलमध्ये उतरली तरी लगेच बाहेर जाते. सीएनजी गाडीवाल्यांनी हे नीट लक्षात घ्या, आपल्याकडे अशा गाड्या भरपूर आहेत, बाटली पेट्रोलच्या टाकीत ओतून गाडी गॅसवरच पळवली तर ती बाटली नुसती टाकीत पडून राहणार, म्हणून ते पेट्रोल संपेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवा.

आता थ्रॉटल बॉडी. सिग्नलला आरपीएम वरखाली होतोय, एसी लावला की गाडी बंद पडायला येते, सकाळी स्टार्ट झाल्यावर थरथरते, अशी लक्षणं असतील तर बाटलीपेक्षा हे काम जास्त गुण देतं (एअर फिल्टर आणि प्लग मात्र आधी बघा, बऱ्याचदा दोष तिथेच निघतो). बॅटरीची निगेटिव्ह काढायची, फिल्टर बॉक्सपासूनचा होस सोडवायचा, आणि थ्रॉटल क्लीनर आत सरळ न मारता कपड्यावर मारून बटरफ्लायची (थ्रॉटलमधल्या गोल पाकळीची) कड आणि भोवतालचं रिंगण पुसायचं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोर लावून उघडू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असू शकतात. खरवडायचंही नाही, काही थ्रॉटलना आतून कोटिंग असतं. तोच स्प्रे मास एअरफ्लो सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) मारला तर सेन्सर जाऊ शकतो, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो. थ्रॉटल क्लीनर भसकन पेट घेतो, त्यामुळे सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये नको, मोकळ्या जागेत करा. नंतर आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) थोडा वेळ चढा राहतो, बऱ्याच गाड्या आपोआप जुळवून घेतात, काहींना स्कॅनर लावून रीलर्न द्यावं लागतं (थ्रॉटलची स्थिती गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवावी लागते), हे आपल्या मॉडेलपुरतं आधीच विचारून ठेवा. आणि एक अपेक्षा स्पष्ट ठेवा, याने आयडलिंग सुधारतं, व्हॉल्व्हवरचा कार्बन आहे तिथेच राहतो.

प्लग काढून पिस्टनवर क्लीनर ओतायचा आणि रात्रभर भिजत ठेवायचं, हा प्रकार गाडी ऑइल पीत असेल आणि रिंगा चिकटल्याचा संशय असेल तरच विचारात घ्या. सिलिंडरमध्ये द्रव राहिला आणि प्लग लावून सेल मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, शिवाय नंतर ऑइल बदलावंच लागतं. त्याआधी मोबाईलला जोडायचा बोरस्कोप (बारीक केबलवरचा कॅमेरा) प्लगच्या भोकातून घालून पिस्टन बघा, थर नसेल तर सगळा खटाटोप वाचला. इनटेकमधून पाणी सोडायचा उपाय तर अजिबात नको.

गाडी लांब पळवणं हा फुकटचा उपाय आहे आणि त्याला कमी लेखू नये. रोज सीबीएस ते कॉलेज रोड एवढंच अंतर, त्यात नाशिकची थंडी, इंजिन नीट तापायच्या आतच बंद होतं आणि कार्बन वाढतो. महिन्यातून एकदोनदा सिन्नर किंवा ओझरकडे हायवेला, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एक गिअर खाली ठेवून ३००० च्या आसपास आरपीएमवर वीस-पंचवीस मिनिटं चालवा, स्पीड लिमिटमध्येच हे होतं. सिलिंडरमधला मऊ थर यात जळतो, व्हॉल्व्हच्या पाठीचा जात नाही.

डिझेलला हीच फेरी जास्त उपयोगाची, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा गाडीत डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर काजळी जाळायला एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि गावातल्या गावात ते जमत नाही. ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात वळवणारा व्हॉल्व्ह) आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) डांबरासारखा थर मात्र कुठल्याही बाटलीने जात नाही, खोलूनच धुवावा लागतो. हात बसलेला असेल, नवे गॅस्केट आणून ठेवले असतील तर ईजीआर घरी होतो, मॅनिफोल्डला मी नाहीच म्हणेन. मास्क आणि हातमोजे घाला, ती काजळी फुप्फुसाला वाईट आहे, आणि धुवायला वापरलेलं काळं डिझेल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत द्या, नाल्यात ओतलं तर नासर्डी नदीतून शेवटी गोदावरीतच जातं.

थेट इंजेक्शनवाल्यांना सरळ सांगतो, टाकीतली बाटली इंजेक्टरपुरती वापरा आणि व्हॉल्व्हसाठी गॅरेजला जा. टर्बो गाडीत घरी इनटेकमधून स्प्रे मारला आणि सुटलेला कडक तुकडा टर्बाइनपर्यंत गेला तर खर्च कुठल्या कुठे जाईल. गॅरेजमध्ये हायड्रोजन डीकार्बचं (हायड्रोजन वायू इंजिनात सोडून कार्बन काढायचं) मशीनही दाखवतात, पण आधी आणि नंतरचे त्याच व्हॉल्व्हचे बोरस्कोपचे फोटो मिळणार असतील तरच पैसे द्या, माझा त्यावर भरवसा नाही. अक्रोडाच्या टरफलाच्या चुऱ्याने ब्लास्टिंग करतात ते खात्रीचं काम. ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा, प्रत्येक सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद स्थितीत आणून मगच मारणार का, आणि चुरा ओढून घ्यायला व्हॅक्युम आहे का. दोन्हीला हो आलं तरच गाडी सोडा.