मायनर लीगचं आउटफिल्ड: जॉर्डन की टीबो?

बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन आणि अमेरिकन फुटबॉलचा टिम टीबो: दोघंही दुसऱ्या खेळातून बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर, आलेले, दोघंही आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करणारे), आणि सर्वोच्च पातळीचा, म्हणजे मेजर लीगचा, सामना दोघांच्याही नशिबात नव्हता. तरी मला विचाराल तर मायकेल जॉर्डनच उजवा.

१९९४ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, तो थेट डबल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, बर्मिंगहॅम बॅरन्स संघाकडून उतरला. १२७ सामने, फलंदाजीची सरासरी .२०२ (हजार संधींत २०२ यशस्वी फटके), ११४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). हे आकडे पाहून लोक नाकं मुरडतात. पण त्याच मोसमात त्याने ३० बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठला, हे कुणी सांगत नाही. शाळेनंतर बेसबॉलपासून दूर राहिलेल्या माणसाने! जुलैअखेर पहिला होमरन बसला, तेव्हा होम प्लेटवर येताना त्याने बोट आभाळाकडे केलं. वर्षभरापूर्वीच वडिलांचा खून झाला होता. मुलाने बेसबॉल खेळावं हे त्यांचंच स्वप्न. ते दृश्य आठवलं की अजून गळा दाटून येतो.

टिम टीबो अमेरिकन फुटबॉलमधून न्यूयॉर्क मेट्स संघाकडे आला आणि पायरी-पायरीने चढला. २०१८ मध्ये डबल-एला .२७३, म्हणजे जॉर्डनपेक्षा कितीतरी सरस. मग हाताचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी ट्रिपल-एमध्ये, मेजर लीगच्या एकच पायरी खाली, ७७ सामन्यांत .१६३. २०२१ मध्ये निवृत्ती.

टीबोचा आलेख वरच्या पायरीवर कोसळला. जॉर्डनचा मात्र चढत होता: १९९४च्याच शरदात ॲरिझोना फॉल लीगमध्ये, निवडक होतकरू खेळाडूंसमोर, .२५२. त्याला थांबवलं ते संपाने. मेजर लीगचे खेळाडू संपावर असताना बदली म्हणून उतरायला त्याने नकार दिला आणि मार्च १९९५ मध्ये तो बास्केटबॉलकडे परतला.