सहा महिने व्हॅलग्रिंड वापरल्यानंतर: अहवालात गळती शून्य, मेमरी मात्र भरतच गेली

वडगावातील एका साडी व्यापाऱ्यांसाठी मी लिहिलेले बिलाचे आणि सुताच्या साठ्याचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर सकाळी व्यवस्थित चालत असे आणि दुपारी चारनंतर सगळा संगणकच अडवून बसत असे. "अहो, गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि बिल काही निघेना," असा मालकांचा फोन दिवसाआड येऊ लागला. कोणीतरी त्यांना रॅम 4 जीबीवरून 8 जीबी करून घेण्याचा सल्ला दिला होता. मला तो मान्य नव्हता, कारण माझ्या कोडमधल्या चुकीचा भुर्दंड त्यांनी सोसणे योग्य नव्हे. प्रोग्रॅमने घेतलेली पण परत न केलेली मेमरी, म्हणजे गळती, शोधून देणारी वार्षिक शुल्काची साधने मलाही परवडत नव्हती, म्हणून तेच काम करणारे आणि 2002 पासून मोफत उपलब्ध असलेले व्हॅलग्रिंड घेतले.

पहिला महिना वैतागाचा गेला. मेमचेक या व्हॅलग्रिंडमधल्या मेमरी तपासणाऱ्या भागाखाली प्रोग्रॅम 20 ते 30 पट मंदावतो हे मॅन्युअलमध्येच लिहिले आहे, पण बिलाची खिडकी उघडण्याची वाट पाहत बसल्यावर तो आकडा खऱ्या अर्थाने कळतो. शिवाय आमचे बिल मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत छापावे लागते. त्यामुळे फॉन्ट हाताळणाऱ्या लायब्रऱ्यांच्या नोंदींनीच अहवालाची पाने भरली. त्या नोंदी गाळण्यासाठी सप्रेशन फाइल तयार करण्यात दोन रविवार गेले.

एवढे करून हाती काय आले, तर 'डेफिनेटली लॉस्ट' म्हणजे नक्की हरवलेल्या मेमरीच्या रकान्यात शून्य. इकडे अहवाल निर्दोष आणि तिकडे वडगावात मेमरी तासागणिक वाढतेच आहे. हे साधन निरुपयोगी आहे, असे मी त्या आठवड्यात दोन सहकाऱ्यांना ठामपणे सांगितले होते. ते मत मी आता मागे घेतो.

ज्या मेमरीकडे नेणारा एकही पॉइंटर, म्हणजे तिचा पत्ता, प्रोग्रॅमकडे उरलेला नाही, तिलाच मेमचेक हरवलेली मानते, आणि ही तपासणी एरवी प्रोग्रॅम बंद होताना होते. क्यूट या खिडक्या-बटणे बनवण्याच्या लायब्ररीवर लिहिलेल्या माझ्या कोडमध्ये प्रत्येक बिलाला नवी डायलॉग खिडकी तयार होई आणि तिची पालक म्हणून मुख्य खिडकी दिलेली असे. डायलॉग बंद केला की तो फक्त दिसेनासा होई. मेमरीत मात्र तो मुख्य खिडकीच्या आधाराने तसाच राही. संध्याकाळी मुख्य खिडकी बंद झाली की ती आपली सगळी अपत्ये स्वतःच मोकळी करी, आणि मेमचेकला शेवटी काहीच सापडत नसे. दिवसभरात साठलेल्या शेकडो खिडक्यांचा त्या अहवालात मागमूसही नव्हता.

उपाय व्हॅलग्रिंडमध्येच होता, पण मी मॅन्युअल तेवढे पुढे वाचलेच नव्हते. चालू प्रोग्रॅमला व्हीजीडीबी या व्हॅलग्रिंडच्याच जोडसाधनामार्फत जोडून घेऊन मध्येच गळतीची तपासणी मागवता येते. तीत 'रीचेबल' आणि 'इन्क्रीज्ड' हे दोन शब्द जोडले की पोहोचण्याजोगी असूनही मागील तपासणीनंतर वाढलेली मेमरी तेवढी दिसते. मी एकदा तपासणी घेतली, बिलाची खिडकी वीस वेळा उघडून बंद केली आणि पुन्हा तपासणी घेतली. नेमक्या ओळीच्या क्रमांकासह वीस डायलॉग समोर आले. बंद होताच डायलॉग नष्ट व्हावा, अशी एक ओळ घातली आणि वाढ थांबली. मेमचेकची ही एकच सोय मला बाकी सगळ्या साधनाइतकी मोलाची वाटते. ती मॅन्युअलच्या पहिल्याच प्रकरणात असायला हवी होती.

मंदपणाची तक्रार कायम आहे. ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे दुसरे साधन साधारण दुप्पटच वेळ घेते, म्हणून रोजच्या कामाला मी आता ते वापरतो. मात्र त्यासाठी प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागतो, व्हॅलग्रिंडला तशी गरज नसते. ओळींचे क्रमांक हवे असतील तर डीबग माहितीसह केलेला बिल्ड तेवढा लागतो.

वडगावचा संगणक अजून 4 जीबीवरच चालतो आहे. छपाईच्या भागात मेमरी थोडी वाढताना दिसते, ती व्हीजीडीबीने पाहायची राहिली आहे.