पावसाळाभर वापरलेला नी-ब्रेस

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर आणि अधूनमधून आंबा घाटात दुचाकी चालवताना मी गुडघ्याला बांधायचा बिजागरीचा नी-ब्रेस पावसाळाभर वापरला. साधा नी-गार्ड केवळ आघात शोषतो. ब्रेसचा ताठ सांगाडा मात्र गुडघा उलट दिशेने वाकण्यास व पिळवटण्यास, म्हणजेच अस्थिबंध (लिगामेंट) फाटण्यास कारण ठरणाऱ्या हालचालींना, काही प्रमाणात अटकाव करतो. गाडी घसरून पाय तिच्याखाली अडकला, तर नडगी व घोटा वाचवणे त्याचे काम नव्हे. त्यासाठी उंच बूटच हवेत.

आघातरोधक पॅडवर ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक पाहावे. ५० ज्यूलच्या आघातात पलीकडे पोहोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीत ३५, तर दुसऱ्या पातळीत २० किलोन्यूटनांपेक्षा जास्त नसावे, अशी त्यात अट आहे.

तक्रार आहे ती आमच्या हवेबद्दल. खाऱ्या दमटपणामुळे बिजागरीचे स्क्रू दोन महिन्यांत गंजले, घामाने पट्टे सैल होऊन ब्रेस खाली सरकू लागला, आणि सरकलेला ब्रेस जवळजवळ निरुपयोगीच. जांभ्याच्या कच्च्या वाटांवर गाडी चालवणाऱ्यांनी हा खर्च जरूर करावा. रोज कचेरीत जाणाऱ्यांना दुसऱ्या पातळीचा, घट्ट बसणारा गार्ड पुरेसा वाटतो.