नवा सिगार मुरू द्यावा : बोवेडाची पाकिटे आणि स्वयंपाकघरातला हवाबंद डबा

गेल्या वर्षी मार्चच्या अखेरीस माझा आतेभाऊ दुबईहून पुण्याला आला, तेव्हा प्रवाशाला बरोबर आणता येणाऱ्या २५ सिगारच्या मर्यादेत बसेल अशी दहा क्यूबन रोबुस्टोंची एक पेटी त्याने माझ्यासाठी आणली. रोबुस्टो म्हणजे साधारण १२४ मिलिमीटर लांबीचा आणि जवळजवळ २० मिलिमीटर जाडीचा सिगार; तो शांतपणे ओढायला पाऊण ते एक तास लागतो. क्यूबन पेटीच्या तळाशी कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि त्यासोबत महिन्याच्या स्पॅनिश नावाची पहिली तीन अक्षरे व वर्ष छापलेले असते. त्यावरून हे सिगार पेटीत भरून जेमतेम पाच महिने झाले होते, हे कळत होते. त्याच आठवड्यात मी मागवलेली बोवेडा कंपनीची आर्द्रता राखणारी पाकिटेही घरी आली. त्यानंतरच्या सव्वा वर्षात, म्हणजे दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि एक हिवाळा, मी ती पाकिटे सतत वापरली आहेत आणि त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही; तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. मी महिन्यातून एक-दोन सिगार ओढतो आणि जे प्रौढ वाचक स्वतःच्या निर्णयाने ओढतात, त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे. ज्यांनी सुरुवात केलेली नाही त्यांनी ती करण्याचे काहीही कारण नाही.

पेटी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी त्यातला पहिला सिगार पेटवला आणि ती चूक होती. बाहेरचे पान एका बाजूने भराभर जळत गेले आणि दुसरी बाजू तशीच राहिली. झुरका ओढताना जोर लावावा लागत होता. अर्ध्यावर पोहोचेपर्यंत जिभेवर कडवटपणा आणि नाकात नवसागरासारखा झोंबणारा उग्र वास साचला, आणि तो सिगार मी अपुरा सोडला. या सिगारमध्ये दोष नव्हता. त्याच पेटीतल्या सिगारांनी पुढे जे दिले त्यावरून मी हे खात्रीने म्हणतो. दोष माझ्या घाईचा होता.

घाई का नडते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरच पुढचा सगळा खर्च योग्य की अयोग्य हे ठरते. सिगारची पाने वळण्यापूर्वी मोठमोठ्या ढिगांत रचून आंबवली जातात. ढीग आतून तापतो आणि पानांतून अमोनिया बाहेर पडू लागतो. ही क्रिया ढीग मोडल्यावर पूर्ण थांबत नाही, आणि वळताना पाने पुन्हा ओलसर करावी लागतात, त्यामुळे नव्या सिगारमध्ये तो वास काही काळ राहतो. म्हणूनच वळलेले सिगार कारखान्यातच सीडरच्या लाकडाने मढवलेल्या खोलीत ठेवून थोडे सुकवतात आणि मुरवतात. निकाराग्वाच्या पाद्रोन कंपनीच्या १९६४ ॲनिव्हर्सरी मालिकेत तर निदान चार वर्षे जुनी केलेली पाने वापरली जातात. परंतु कारखान्याने तंबाखू कितीही जुना केलेला असला तरी तेथून तुमच्या घरापर्यंतचा प्रवास त्याला सोसावा लागतोच. विमानाच्या पोटातली कोरडी थंड हवा, गोदामातला उकाडा, दुकानातले थंड कपाट आणि मग पुण्याचा एप्रिल, एवढे बदल दोन-तीन आठवड्यांत झाले की सिगारचे बाहेरचे पान सुकलेले आणि गाभा ओला, किंवा याच्या अगदी उलट, अशी विषम अवस्था येते. एकसारखे जळणे आणि सहज झुरका येणे यांसाठी बाहेरच्या पानापासून गाभ्यापर्यंत ओलावा सारखा असावा लागतो आणि तो सारखा व्हायला वेळच द्यावा लागतो. लोणचे बरणीत भरल्या दिवशी आणि महिन्याने चाखणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मूळ वस्तूकडे येतो. बोवेडा ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली कंपनी असून तिचा आरंभ १९९७ सालचा आहे. तिचे पाकीट दिसायला अगदी साधे, तळहाताएवढे आणि चपटे असते. आत मिठाचे संपृक्त द्रावण असते आणि वरचे आवरण असे असते की त्यातून पाण्याची वाफ आत-बाहेर जाते, पण पाणी गळत नाही. डब्यातली हवा कोरडी झाली की पाकीट वाफ सोडते आणि हवा अति दमट झाली की तीच वाफ शोषून घेते. यामागचे तत्त्व आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पावसाळ्यात दिसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटते आणि ती खाली आली की मीठ पुन्हा कोरडे होऊ लागते. साध्या मिठाचा हा उंबरठा ७५ टक्क्यांचा आहे, इतर क्षारांचे उंबरठे निराळे आहेत. त्यामुळे या पाकिटाला ना बटण लागते, ना वीज, ना दर आठवड्याला पाणी घालण्याची कटकट. सिगारसाठी ६५, ६९, ७२ आणि ७५ टक्क्यांची पाकिटे मिळतात. मी ६५ टक्क्यांची घेतली, कारण क्यूबन सिगार थोडे कोरडेच चांगले जळतात असा माझा अनुभव आहे, आणि आपल्याकडच्या उष्णतेत ७० टक्क्यांच्या पुढे गेले की बुरशीची भीती वाढते. पंचवीस सिगारमागे ६० ग्रॅमचे एक पाकीट असे प्रमाण सांगितले जाते. मी चार लिटरच्या डब्यात दोन ठेवली, आणि जागा मोकळी असेल तर एक जास्त ठेवल्याने काहीही बिघडत नाही, कारण पाकीट ठरलेल्या आकड्याच्या पुढे ओलावा नेत नाही.

डब्याविषयी माझे मत ठाम आहे. पहिल्यांदा सिगार साठवणाऱ्याने लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यात ठेवण्याची खास पेटी, घेऊ नये. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका दुकानातून चकचकीत पॉलिशचा एक ह्युमिडॉर घेतला होता. अंधारात त्याच्या आत पेटता टॉर्च ठेवून झाकण लावले, तर मागच्या बिजागरीपाशी प्रकाशाची स्पष्ट रेघ दिसत असे. अशा फटीतून एप्रिल-मेमध्ये ओलावा निघून जातो आणि जुलैमध्ये आत शिरतो, आणि मग पाकिटे कितीही चांगली असली तरी त्यांचे आयुष्य घराची हवा सुधारण्यातच संपते. उत्तम लाकडी ह्युमिडॉर अर्थातच असतात, परंतु त्यांनाही वापरण्याआधी लाकूड ओलावा पिऊन तृप्त होईपर्यंत ८४ टक्क्यांची पाकिटे घालून १४ दिवस बंद ठेवावे लागते. ओल्या फडक्याने लाकूड पुसून घेण्याचा जुना सल्ला मी पाळला होता आणि आतली एक फळी वाकली, तेव्हा तो सल्ला कोणी देऊ नये असे मला वाटते. याउलट डाळी-साळी ठेवायला मिळतो तसा, झाकणाला सिलिकॉनची कड असलेला आणि चारी बाजूंनी खटके लागणारा डबा अतिशय कमी किमतीत तेच काम अधिक चोख करतो. नव्या प्लास्टिकचा वास मात्र तंबाखूत उतरतो, म्हणून डबा खाण्याचा सोडा घालून धुवावा आणि आठवडाभर उघडा ठेवावा. पूर्वी मसाला ठेवलेला डबा तर मुळीच घेऊ नये. रिकाम्या सिगारपेट्यांतल्या सीडरच्या पातळ पट्ट्या मी तळाशी अंथरतो. हे लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ म्हणवले जाते, पण ते खरे सीडर नसून आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. त्याने किडे दूर राहतात, या समजावर विसंबू नये. त्याचा मंद सुवास आणि ओलाव्यातला चढउतार सोसण्याची ताकद एवढ्यासाठी ते ठेवावे.

आर्द्रतामापकाशिवाय हे सगळे अंदाजपंचे ठरते. मी घेतलेला स्वस्त डिजिटल मापक पाच अंकांनी कमी दाखवत होता, हे मला मिठामुळेच कळले: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत, मीठ विरघळू न देता फक्त ओले करावे, आणि ते मापकासह एका बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. माझ्याकडे ७० दिसला, तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीत पाच मिळवतो. या दुरुस्तीनंतर डब्यातले आकडे असे राहिले: एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरच्या खोलीत २५ च्या खाली गेलेली आर्द्रता डब्यात ६४ ते ६६ होती, आणि ऑगस्टमध्ये पापड ताटलीत काढताच सादळतात अशा दिवसांत खोलीत ८५ असताना डब्यात ६७ च्या वर कधी गेली नाही. या पाकिटांच्या बाजूने मला याहून मोठा पुरावा देता येणार नाही.

आता मुरण्याच्या काळाविषयी, कारण नव्या ग्राहकाचा खरा प्रश्न तोच असतो. दुसरा सिगार मी तीन आठवड्यांनी ओढला. उग्र वास बराच ओसरला होता, जळणे सरळ झाले होते, परंतु शेवटच्या तृतीयांशात कडवटपणा डोकावत होता. आठ आठवड्यांनी ओढलेल्या तिसऱ्या सिगारमध्ये पहिल्यांदा लाकडाचा, भाजलेल्या कॉफीच्या बियांचा आणि मागाहून मिऱ्यांचा स्वाद स्वतंत्रपणे ओळखू आला, आणि राख एकसंध, अंगठ्याच्या पेराएवढी होईपर्यंत पडली नाही. सप्टेंबरमधला चौथाही तसाच होता. डिसेंबरच्या थंडीत, पेटी येऊन नऊ महिने झाल्यावर ओढलेला पाचवा मात्र या सगळ्यांहून सरस होता. त्याचा धूर मऊ होता आणि संपल्यानंतरही तोंडात गोडसर चव रेंगाळत राहिली. यावरून माझा सल्ला असा आहे की परदेशातून किंवा कुरियरने आलेला कोणताही सिगार निदान तीन ते चार आठवडे हात न लावता ठेवावा, आणि पेटीवरची तारीख वर्षाच्या आतली असेल तर दोन महिने थांबावे. चांगल्या कपाटात नीट सांभाळलेला एखादा सुटा सिगार आपल्याच शहरातल्या दुकानातून आणला असेल, तर चार-पाच दिवसही पुरतात. सिगारवर सेलोफेनचे वेष्टन असेल तर ते काढू नये. त्यातून वाफ जाते आणि बाहेरच्या पानाला ओरखडे पडत नाहीत. धातूच्या नळीतल्या सिगारचे टोपण मात्र सैल करून ठेवावे. आठवड्यातून एकदा झाकण उघडून मिनिटभर हवा खेळू द्यावी, म्हणजे कोंडलेला अमोनिया निघून जातो. रोज उघडून बघण्याचा मोह आवरावा.

या पाकिटांची एक मर्यादा गंभीर आहे आणि ती महाराष्ट्रात राहणाऱ्याने विसरू नये: ती आर्द्रता सांभाळतात, तापमान नाही. तंबाखूत असणारा लासिओडर्मा नावाचा बारीक तपकिरी किडा, जो साठवलेल्या हळकुंडांनाही लागतो आणि सांगलीकडच्या हळद व्यापाऱ्यांना चांगलाच परिचित आहे, त्याची अंडी पानांत दडलेली असू शकतात आणि उष्णता वाढली की ती उबतात. सिगारवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की समजावे. पुण्यात मे महिन्यात माझ्या सर्वांत थंड खोलीतही ३० अंश तापमान असते, म्हणून दुसरा सिगार ओढल्यावर उरलेले आठ मी दोन बंद पिशव्यांत, एकीत एक घालून, तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणि त्यानंतर डब्यात ठेवले. हे टप्पे गाळले तर बाहेरचे पान तडकते. त्यानंतर डबा उत्तरेकडच्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी, भिंतीला न टेकवता ठेवला आहे. पावसाळ्यात पानावर पांढरी लव दिसली तर ती परिपक्वतेची खूण आहे, हे ऐकीव मत मानू नये. ती बहुधा बुरशीच असते आणि तो सिगार लगेच वेगळा करावा.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर माझ्या चार पाकिटांची किंमत एका बऱ्या क्यूबन सिगारच्या आसपास पडली. हवाबंद डब्यात पहिल्या दोन पाकिटांनी अकरा महिने काम केले. वारंवार उघडल्या जाणाऱ्या लाकडी ह्युमिडॉरमध्ये तीच दोन-चार महिन्यांत संपतात. पाकीट दाबल्यावर आतले द्रावण मऊ लागते तोवर ते चालू आहे, आणि पूर्ण कडक, खडबडीत झाले की बदलावे. ते पाण्यात भिजवून पुन्हा वापरण्याचे प्रयोग लोक करतात, पण निर्माता ते नाकारतो आणि माझ्या मते ज्या पेटीवर हजारो रुपये खर्च केले तिच्यासाठी ही काटकसर योग्य नाही. ज्यांच्याकडे एका वेळी पाच-सात सुटे सिगारच असतात त्यांनी ६० ग्रॅमचे घेऊ नये. ८ ग्रॅमचे छोटे पाकीट आणि झिपची जाड पिशवी त्यांना पुरेल.

फेब्रुवारीत मी दुसरी जोडी घातली. पेटीत अजून चार सिगार आहेत; पुढचा दिवाळीच्या सुमारास काढणार आहे, तेव्हा त्यांना कारखान्यातून निघून दोन वर्षे झालेली असतील.