परदेशात पूर्ण सत्र की सुटीतला अभ्यासक्रम? गोव्यातील विधी विद्यार्थ्यांसाठी तुलनात्मक आढावा

मिरामार किंवा मडगाव येथे पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. करणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी हाती येण्याआधी परदेशात शिकायचे असेल, तर विनिमय योजनेतून एक पूर्ण सत्र तिकडे काढणे किंवा सुटीत दोन ते चार आठवड्यांचा अभ्यासक्रम करणे, असे दोन मार्ग त्याच्यासमोर असतात. खर्चाचा विचार करण्याआधी श्रेयांकांचा, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या क्रेडिट्सचा, हिशेब मांडावा, असे माझे ठाम मत आहे.

पूर्ण सत्राची मुख्य अडचण वेळापत्रकाची आहे. युरोपातील सत्रे साधारणतः सप्टेंबर ते जानेवारी आणि फेब्रुवारी ते जून अशी चालतात, तर आपली जून-जुलै आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरू होतात. त्यामुळे तिकडचे एक सत्र इकडच्या दोन सत्रांना कात्री लावते. विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात 70 टक्के उपस्थिती लागत असल्याने हा प्रश्न निघण्यापूर्वीच सुटायला हवा. दुसरी अडचण मोजमापाची. युरोपातील एका श्रेयांकात स्वाध्यायासह 25 ते 30 तासांचे काम धरतात, आपल्याकडे एक श्रेयांक म्हणजे वर्गातले सुमारे 15 तास. तेव्हा तिकडचे सहा श्रेयांक इकडचे किती, हे अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवून विषयागणिक ठरवून घ्यावे लागते.

शिवाय प्रत्येक विषयाची अशी बदली होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम किंवा दिवाणी प्रक्रिया संहिता लिस्बनमध्ये कोण शिकवणार? बौद्धिक संपदा, आंतरराष्ट्रीय व्यापार असे पर्यायी विषयच तिकडे करावेत. माझ्या भाचीने हे पथ्य पाळले, पण मान्यता केवळ ईमेलवर घेतली. ती परतली तेव्हा संबंधित प्राध्यापक बदलले होते, सहीचा कागद नव्हता, आणि तोच विषय तिला मागच्या वर्गासोबत पुन्हा द्यावा लागला. तिच्या हातातले ते परदेशी गुणपत्रक पाहून आजही वाईट वाटते.

सुटीतल्या अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात सांगता येईल. तो स्वस्त पडतो, पण बहुधा प्रमाणपत्रावरच थांबतो, जून-जुलैत आपल्या नव्या सत्राच्या तोंडावर भरतो आणि पर्वरीच्या उच्च न्यायालयात किंवा एखाद्या वकिलाकडे इंटर्नशिप करण्याचे दिवस खातो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवड्यांची इंटर्नशिप अनिवार्य आहे, हे विसरू नये.

पोर्तुगालचा मोह गोमंतकीयांना साहजिक आहे. मात्र गोव्यात आजही कौटुंबिक बाबतीत लागू असलेली 1867 ची नागरी संहिता तिथे कधीच मागे पडली. तिकडे 1966 ची संहिता शिकवतात आणि आपल्या वारसाहक्कासाठी 2012 चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे. तरीही जुने दस्तऐवज आणि निवाडे मूळ पोर्तुगीजमधून वाचता येणे ही इथल्या वकिलाची मोठी शिदोरी ठरते, आणि ती दोन आठवड्यांत बांधून होत नाही.

म्हणून विषयवार मान्यता आणि उपस्थितीची सोय महाविद्यालय व विद्यापीठाच्या सहीशिक्क्यानिशी हाती असेल, तर चौथ्या वर्षी पूर्ण सत्राला जावे. नसेल तर सुटीतलाच मार्ग बरा. पाचव्या वर्षी मात्र जाऊ नये. तिकडचे गुणपत्रक उशिरा आले की इकडचा निकाल अडकतो आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे वकिलीच्या सनदेसाठी करायचा अर्जही लांबणीवर पडतो.